सात दशांश सेकंद परत करणेबाबत

प्रति,
मा. संचालक,
क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ,
विद्यापीठ कार्यालय.

अर्जदार : भरत गेणू डुंबरे, शारीरिक शिक्षण संचालक, मांडवीकाठ कला व वाणिज्य महाविद्यालय, ओतूर, ता. जुन्नर, जि. पुणे.

विषय : महिला २०० मीटर धावणे, उत्तर पट्टा. ओतूर येथे नोंदलेली वेळ सात दशांश सेकंदाने वाढवून मिळणे, व त्या वेळेवर ओतूरला मिळालेली उच्च गटातील जागा काढून निरगुडसरला देणेबाबत.

संदर्भ :
१) मंडळाचे विभाग-पुनर्रचनेचे परिपत्रक, दि. १ ऑगस्ट २०२५.
२) उच्च गटाची तात्पुरती यादी, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
३) अर्जदाराचा याच विषयावरील अर्ज, दि. १० नोव्हेंबर २०२५ (पाठवला नाही).
४) तोच अर्ज, दि. १५ डिसेंबर २०२५ (पाकिटात घातला, पाठवला नाही).

महोदय,

सदर अर्जात 'मी' हा शब्द वापरलेला नाही. कचेरीची रीत तशी आहेच. पण खरे सांगायचे तर 'मी असे केले' हे वाक्य अर्जदाराच्या पेनातून दोन वेळा उतरता उतरता राहिले (पाहा संदर्भ ३ व ४). 'अर्जदाराने असे केले' हे मात्र उतरते. म्हणून तसेच लिहिले आहे. कृपया गोड मानून घ्यावे.

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे वरील महाविद्यालयात नोकरीस आहे. या एकोणीस वर्षांत विद्यापीठाच्या मैदानी स्पर्धांत ओतूरच्या नावावर एकूण दोन पदके आहेत, आणि त्यांतले एक संचलनाचे आहे. दर वर्षी स्नेहसंमेलनात प्राचार्य क्रीडा अहवाल वाचायला उभे राहिले की अर्जदार मंडपाच्या मागच्या बाजूला खुर्च्या मोजायला निघून जातो. हा मजकूर विषयाला धरून नाही असे वाटेल, पण आहे.

२. मागील वर्षापर्यंत विद्यापीठाचे विभाग होते. आमच्या उत्तर विभागात जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांतील अकरा महाविद्यालये होती. विभागाची स्पर्धा कधी मंचरला तर कधी नारायणगावला व्हायची. त्यात जी मुलगी पहिली येई ती विभागाच्या संघात जाई, मग ती कुठल्या का महाविद्यालयाची असेना. संदर्भ १ अन्वये हे विभाग मोडण्यात आले. आता बारा महाविद्यालयांचा एक उच्च गट, आणि उरलेल्या सगळ्यांचा सर्वसाधारण गट. उच्च गटाला सराव शिबिर, उच्च गटातूनच आंतरविद्यापीठ स्पर्धेची निवड. सर्वसाधारण गटाला एक दिवसाची स्पर्धा, प्रमाणपत्र आणि अल्पोपाहार. आधी मुलगी निवडली जायची. आता महाविद्यालय निवडले जाते, आणि मुलीच्या पायांचे काय करायचे ते महाविद्यालयाच्या नशिबावर सोडले जाते.

या बदलाविरुद्ध उत्तर विभागातील क्रीडाशिक्षकांनी मंडळाकडे निवेदन दिले होते. त्यावर पहिली सही निरगुडसरच्या नवज्योत ग्रामीण महाविद्यालयाचे श्री. रत्नदीप रणपिसे यांची व दुसरी अर्जदाराची आहे. पुढे यादीत ओतूरचे नाव आले आणि अर्जदाराचा विरोध त्याच दिवशी मावळला. श्री. रणपिसे यांचा अजून आहे.

३. महिला मैदानी खेळांसाठी उत्तर पट्ट्याला, म्हणजे जुन्या उत्तर विभागाला, उच्च गटात एकच जागा होती. ती २०० मीटरमध्ये सर्वांत कमी वेळ देणाऱ्या मुलीच्या महाविद्यालयास मिळणार होती. मंडळाकडे पंच पुरेसे नसल्याने प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या मुलींची वेळ आपल्याच घड्याळावर घ्यावी आणि सही-शिक्क्यानिशी कळवावी, असे ठरले. ज्याचा पेपर त्यानेच तपासावा असा हा प्रकार झाला. परंतु अर्जदारास मंडळाला दोष देण्याचा अधिकार उरलेला नाही, म्हणून हे वाक्य येथेच थांबवतो.

४. ओतूरची वेळचाचणी शनिवार दि. ४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसरा होऊन दोन दिवसांनी झाली. मैदानाला वळण असल्याने २०० मीटरची सुरुवात पार पाण्याच्या टाकीपलीकडे, आणि शेवट कार्यालयासमोर. शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन अर्जदार उभा. सुरुवातीला शिट्टी वाजवायला वाणिज्यचे एक प्राध्यापक. शिट्टीचा आवाज शेवटापर्यंत उशिरा पोहोचतो, म्हणून शिट्टी वाजताक्षणी शेजारच्या माणसाने हातातले कापड खाली टाकायचे आणि ते पाहून घड्याळ सुरू करायचे, असा नियम परिपत्रकातच आहे. कापड टाकणारा शिपाई त्या दिवशी रजेवर होता. तेव्हा अर्जदाराने मैदानाशेजारच्या वस्तीवरून हौशीराम यास बोलावून घेतले. परिसरात कापड टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

५. इथे मंडळास थोडी माहिती देणे भाग आहे. हौशीराम हा तीस वर्षे यात्रेच्या बैलगाडा शर्यतीत घाटाच्या खालच्या रेषेवर उभा राहतो. घाट म्हणजे गाडे पळवण्याची चढाची धावपट्टी. खाली एक रेषा, वर एक रेषा. गाडा खालच्या रेषेच्या बराच मागून सुटतो, कारण बैलांना 'जागा घ्या, तयार' असे सांगून उभे करता येत नाही. पुढच्या बैलाचा पाय रेषेवर पडला की हौशीराम कापड टाकतो, आणि वरच्या रेषेवरचा माणूस घड्याळ चालू करतो. वरच्या रेषेवरचा तो माणूस म्हणजे अर्जदार. मधली बंदीची वर्षे धरून बावीस वर्षे ही जोडी लागलेली आहे. गाडेवाले एकमेकांच्या बापाचा उद्धार करतात, बैलांच्या वयावरून भांडतात, पण डुंबरे मास्तरच्या सेकंदावरून आजवर कोणी भांडलेले नाही. अर्जदाराच्या आयुष्यात अभिमान वाटावा अशी हीच एक गोष्ट होती.

तर त्या शनिवारी अर्जदाराने हौशीरामला फक्त 'चल, कापड टाकायचंय' एवढे सांगितले, आणि हौशीरामने तीस वर्षे जसे टाकले तसे टाकले. शिट्टी वाजली. मुली उठल्या. पहिल्या मुलीचा पाय रेषेपलीकडे पडला, आणि मग कापड खाली आले. अर्जदाराच्या अंगठ्यालाही बावीस वर्षांची सवय. तोही कापडाबरोबर दाबला गेला.

६. आमच्या महाविद्यालयाची कु. समृद्धी रामनाथ फापाळे, द्वितीय वर्ष कला, हिची वेळ २७.६ सेकंद आली. ती आधी कधीही अठ्ठावीसच्या आत आलेली नव्हती.

येथपर्यंत चूक आहे. येथून पुढे जे आहे त्याला चूक म्हणता येणार नाही.

घड्याळाकडे पाहताच अर्जदाराच्या लक्षात आले. त्याने शेवटच्या रेषेवरून सर्व स्वच्छ पाहिले होते : मुली आधी हलल्या, कापड नंतर पडले. पुन्हा पळवणे हे दहा मिनिटांचे काम होते. मुली तिथेच होत्या. ऊन चढलेले नव्हते. प्राध्यापकांच्या गळ्यात शिट्टी होती. हौशीरामला 'पायाला नाही, शिट्टीला टाक' एवढे एक वाक्य सांगायचे होते. अर्जदाराने तोंड उघडलेही होते. इतक्यात प्राचार्य कार्यालयाच्या पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी विचारले, "किती आली वो?" अर्जदाराने सांगितले, "सत्तावीस पॉइंट सहा." प्राचार्यांनी अर्जदाराच्या पाठीवर हात ठेवला. एकोणीस वर्षांत तो हात पाठीवर पहिल्यांदाच पडत होता. अर्जदाराने तोंड मिटले आणि तक्त्यावर सही केली.

७. त्याच दिवशी निरगुडसरच्या श्री. रणपिसे यांनी मंचरला एका शाळेचे मैदान मागून घेऊन आपली चाचणी घेतली. त्यांच्याकडे दोन घड्याळे होती. पहिल्या वेळी दोन्ही घड्याळांत फरक आला म्हणून त्यांनी मुलींना अर्धा तास विश्रांती देऊन शर्यत पुन्हा पळवली. त्यांच्या कु. कल्याणी चांगदेव भालेराव, तृतीय वर्ष कला, हिची वेळ २७.९ आली. ती तशीच मंडळाकडे गेली. तीन दशांश सेकंदाने निरगुडसर सर्वसाधारण गटात गेले आणि ओतूर उच्च गटात.

कल्याणीचे हे शेवटचे वर्ष आहे. पुढच्या वर्षी ती कुठल्याच महाविद्यालयाची विद्यार्थिनी नसेल. तिला आंतरविद्यापीठ निवडीची संधी मिळायची तर ती याच फेब्रुवारीच्या शिबिरातून. या अर्जात जे काही लिहिले आहे ते सगळे एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

८. आता जे लिहायचे आहे त्यामुळे संदर्भ ३ व ४ पाठवले गेले नाहीत.

निरगुडसरच्या महाविद्यालयाला मैदान नाही, फरसबंद अंगण आहे. त्यामुळे कल्याणी गेली दोन वर्षे शनिवारी-रविवारी मंचर, नारायणगाव असे एसटी बदलत ओतूरला येते आणि अर्जदाराच्याच हाताखाली समृद्धीबरोबर पळते. सरावात ती समृद्धीच्या दोन पावले पुढे असते. चाचणीच्या आधी होती आणि चाचणीनंतरही होती. मैदानावर गवत कापणाऱ्या बायांनाही ते दिसत होते. तरी कोणी काही बोलले नाही, कारण घड्याळ डुंबरे मास्तरचे होते. वेळा जाहीर झाल्यावर हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती. अर्जदाराने श्री. रणपिसे यांना फोन करून, आवाज शक्य तितका सहज ठेवून, हरकत घेणार का असे विचारले. मनातून वाटत होते की त्यांनी घ्यावी आणि आपली सुटका व्हावी. ते हसले आणि म्हणाले, "सर, तुमच्या घड्याळावर शंका घेऊ व्हय? पाच गावचे गाडेवाले तुमचं घड्याळ मानत्यात. पोरगी तुमची चांगली पळाली, आभिनंदन." असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दिवाळीनंतर यादी लागली. त्या आठवड्यात कल्याणी नेहमीसारखी आली. तिने विचारले, "सर, रोज मी पुढं असते, मंग घड्याळात मागं कशी?" हा प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होते. अर्जदाराने मात्र तिला जे सांगितले ते खाली शब्दशः देत आहे, म्हणजे मंडळाला त्याची पुरती कल्पना येईल : "सरावात पळणं निराळं आणि घड्याळापुढं पळणं निराळं. तुझी सुरुवात कमी पडते. रेषेवरून उठायला तू उशीर करतेस."

महोदय, सुरुवातीचाच वेळ अर्जदाराने समृद्धीच्या घड्याळातून काढून टाकला होता, आणि सुरुवात कमी पडल्याचा दोष कल्याणीच्या माथी मारला. तिने तो मानला. सरांनी सांगितले म्हणजे तसेच असणार. त्या दिवसापासून ती प्रत्येक शनिवार-रविवारी चाळीस-चाळीस वेळा रेषेवर बसून उठण्याचा सराव करू लागली. घरी निरगुडसरला अंगणात चुन्याने रेषा मारून सकाळी कॉलेजला निघण्यापूर्वीही. तिची आई द्रौपदाबाई डिसेंबरात स्वतः भेटायला आल्या. त्यांनी डब्यातून मासवडी आणि रस्सा आणला होता. म्हणाल्या, "सर, पोर लई जिवाला लावून घेती. पर तुमी तिच्यामागं येवढे कष्ट घेताय, तव्हा तुमच्या हातून तिचं भलंच व्हईल." मासवडी उत्तम होती. अर्जदाराने ती खाल्ली, आणि नंतर टाकीच्या मागे जाऊन तोंड धुतले, बराच वेळ. संदर्भ ४ त्याच दिवसाचा आहे.

अर्जदाराला लाज वाटते. हे वाक्य कचेरीच्या भाषेत बसत नसल्यास खोडावे, पण वाचून मग खोडावे.

९. दरम्यान अर्जदाराने कागदोपत्री मार्ग काढून पाहिला, तोही सांगतो. मंडळाच्या कार्यालयात नाव न सांगता फोन करून नोंदलेल्या वेळेत दुरुस्ती कशी करतात असे विचारले. संबंधित बाईंनी सौजन्याने सांगितले की त्यासाठी विहित नमुना आहे. त्यात 'नोंदलेली वेळ' आणि 'कमी करावयाची वेळ' असे दोन रकाने आहेत. अर्जदाराने विचारले, वाढवायची असल्यास? बाई म्हणाल्या, "वाढवायची? अहो, असं कुणी मागतं का?" तसा रकाना नाही. आजवर लागला नाही. त्यामुळे प्रस्तुत अर्ज साध्या कागदावर करावा लागत आहे.

तसेच यादी लागल्यावर महाविद्यालयाने ओतूरच्या एसटी स्टँडसमोर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर समृद्धीचा फोटो, प्राचार्यांचा फोटो, अर्जदाराचा फोटो, आणि कोपऱ्यात लहानसा हौशीरामचा. हौशीराम रोज येता-जाता तो फ्लेक्स पाहायचा. हा फ्लेक्स अर्जदाराने या महिन्यात आपल्या हातांनी दोऱ्या कापून उतरवला. समृद्धीच्या वडिलांनी तो मागून नेला आणि आता तो त्यांच्या कांद्याच्या अरणीवर, म्हणजे रचून ठेवलेल्या ढिगावर, अंथरलेला आहे. वरच्या बाजूला नेमका अर्जदाराचा चेहरा आलेला आहे. त्या वाटेने अर्जदार सध्या जात नाही.

१०. काल, रविवार दि. १८ जानेवारी २०२६ रोजी सकाळी, अर्जदाराने श्री. रणपिसे यांना ओतूरला बोलावून घेतले आणि दोन्ही मुलींची २०० मीटर शर्यत पुन्हा घेतली. सुरुवातीला श्री. रणपिसे यांनी शिट्टी वाजवली व स्वतःच कापडही टाकले, तेही शिट्टीलाच. शेवटाला दोन घड्याळे होती. कल्याणी २७.३, समृद्धी २८.२.

त्यानंतर मुलींना शिट्टीवर पाच वेळा रेषेवरून उठवले, हौशीरामला बाजूला उभे करून दर वेळी त्याच्या पद्धतीने कापड टाकायला लावले, आणि शिट्टी व कापड यांतला फरक मोजला. सरासरी सात दशांश सेकंद भरली. तक्ता सोबत आहे. हौशीरामला या सगळ्याचा अर्थ सांगितल्यावर तो आधी घाबरला आणि मग चिडला. म्हणाला, "मास्तर, पाय पडायच्या आधी कापड टाकलं तर गाडेवालं मला घाटावरून खाली लोटून देतील. तुमी एक शब्द बोलला असता तर शिट्टीला टाकलं असतं की." हे त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. या प्रकरणात त्याचा काडीइतका दोष नाही. त्याला कोणतेही पत्र पाठवू नये, त्याला सरकारी पाकिटाची भीती वाटते.

११. कल्याणीने काल दिलेली २७.३ ही वेळ पाहून मंडळातील कोणी असे म्हणू शकेल की, मुलीची प्रगती झाली, म्हणजे जे झाले ते बरेच झाले. ओतूरचे प्राचार्य कालच तसे म्हणाले. अर्जदाराला ही सवलत नको आहे. ती मुलगी अर्जदाराने रचलेल्या वेळेच्या मागे लागली आणि ती वेळही मागे टाकून गेली. हे श्रेय तिच्या पायांचे आहे. अर्जदाराने फक्त तिला अडीच महिने असे वाटू दिले की तिचे पाय कमी पडतात.

१२. शर्यत झाल्यावर अर्जदाराने दोन्ही मुलींना टाकीजवळ बसवले आणि हाच अर्ज, परिच्छेद एक ते नऊ, त्यांना वाचून दाखवला. श्री. रणपिसे शेजारी उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला नाही.

समृद्धी रडली. मग म्हणाली, "सर, मला त्या दिवशीच वाटलं व्हतं का यवढं पळाले न्हाई मी. पर तुमी सर हायत, तुमाला म्हाईत आसंल, आसं वाटलं." तिने आपली वेळ दुरुस्त करण्यास संमती देणारे पत्र तिथेच वहीच्या कागदावर लिहून दिले. सोबत जोडले आहे. त्यात शाईचे डाग आहेत, त्यांकडे दुर्लक्ष व्हावे.

कल्याणी रडली नाही. ती बुटाच्या नाड्या सोडत बसली होती. एक सोडली, दुसरी सोडताना थांबली आणि तिने वर न पाहताच विचारले, "मंग सर, दिवाळीपासून मी कुणाच्या मागं पळत व्हते?"

याचे उत्तर या अर्जात वर लिहिलेले आहे. परंतु अर्जदाराने सांगितलेले तिने आता का मानावे? तिचे पाय खोटे आणि घड्याळ खरे असे तिला ज्या कागदाने पटवले तो विद्यापीठाच्या शिक्क्याचा होता. खरे उत्तरही तशाच शिक्क्याच्या कागदावर तिच्या हाती पडावे. सबब नम्र विनंती की,

अ) ओतूरच्या कु. समृद्धी फापाळे हिची वेळ २७.६ ऐवजी २८.३ अशी नोंदवावी, आणि तीत तिचा दोष नसल्याचा शेरा मारावा.

आ) उत्तर पट्ट्याची उच्च गटातील जागा ओतूरकडून काढून निरगुडसरला द्यावी, आणि कु. कल्याणी भालेराव हिचे नाव दि. ३० जानेवारी या अंतिम यादीच्या तारखेपूर्वी शिबिरात घ्यावे. इतर सर्व विनंत्या फेटाळाव्या लागल्या तरी ही एक फेटाळू नये.

इ) कु. कल्याणी हिला मंडळाच्या कागदावर असे पत्र द्यावे की ४ ऑक्टोबर रोजी उत्तर पट्ट्यात तिच्यापेक्षा वेगाने कोणी पळाले नव्हते. पत्र एका ओळीचे असले तरी चालेल.

ई) अर्जदारावर नियमानुसार जी होईल ती कारवाई करावी. त्याला यापुढे विद्यापीठाच्या कोणत्याही स्पर्धेत वेळ नोंदवू देऊ नये. घाटावर घड्याळ लावण्यास मनाई करण्याचा अधिकार मंडळाला आहे किंवा कसे, हे माहीत नाही. नसल्यास काळजी नसावी. गाडेवाल्यांच्या बैठकीत अर्जदार येत्या रविवारी स्वतःच सर्व सांगणार आहे, आणि ते मंडळापेक्षा लवकर निर्णय घेतात.

कळावे,

आपला,
नम्र म्हणवून घ्यायला संकोचणारा,

(सही)
भरत गेणू डुंबरे
ओतूर, दि. १९ जानेवारी २०२६

सोबत :
१) दि. १८ जानेवारीच्या फेरचाचणीचा तक्ता, श्री. रत्नदीप रणपिसे यांच्या सहीनिशी.
२) शिट्टी व कापड यांतील फरकाचा तक्ता, पाच नोंदी. हौशीरामचा अंगठा.
३) कु. समृद्धी फापाळे हिचे संमतीपत्र.
४) संदर्भ ३ व ४ मधील न पाठवलेले अर्ज, जसेच्या तसे.
५) अर्जदाराचे स्टॉपवॉच, एक नग, चालू स्थितीत. ते आजपर्यंत एकदाही चुकलेले नाही.